नदीच्या वाळूतील शोधक : रॉबर्ट ब्रूस फूट

पावसाळा सरला, नद्यांचे पाणी निवळले आणि काठचे वाळूचे पट्टे उघडे पडले, की आमच्या लहानपणी आम्हा मुलांना एक नाद लागत असे. वाळवंटीच्या काठी उन्हात चकाकणारे कण आम्ही वेचीत असू आणि ते नारळाच्या करटीत साठवीत असू. आमच्या कोकणीत सोन्याला भांगर म्हणतात, आणि आपल्याजवळ करटीभर भांगर आहे ह्या समजुतीत आमचे दोन-तीन महिने मोठ्या ऐश्वर्यात गेले. शेवटी एके दिवशी धीर करून ती करटी आम्ही डिचोलीच्या बाजारातील एका वृद्ध शेटांपुढे ठेवली. त्यांनी चिमूटभर वाळू तळहातावर घेतली व हळूच फुंकर घातली. चकाकणारे जे जे होते ते सारे उडून गेले. ते अभ्रक होते. सोने असते तर ते हातावरच बसून राहिले असते, एवढेच सांगून त्यांनी आम्हांस घरी पाठविले.

त्या फुंकरीत नदीतून सोने काढण्याची सारी विद्या सामावलेली आहे, हे आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळले. सोने पाण्याच्या सुमारे एकोणीस पट जड. साधी वाळू जेमतेम अडीच पट. डोंगरातील गारेच्या शिरांमध्ये अडकलेले सोन्याचे कण खडक झिजला की सुटतात, ओढ्यांतून वाहत येतात आणि जेथे प्रवाह मंदावतो तेथे, म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूस, मोठ्या धोंड्याच्या आडोशाला किंवा खडकाच्या भेगेत, तळाशी जाऊन बसतात. आपल्या घरी तांदूळ धुताना भांडे हलवून हलवून तांदूळ वरच्यावर ओतून घेतात व खडे तळाशी उरतात, तोच हा न्याय. सोनारांच्या दुकानांतील केर विकत घेऊन, तो धुऊन, त्यातील सोन्याचा कण काढणाऱ्या झारेकऱ्यांचा धंदा ह्याच न्यायावर चालत असे. पेडण्याच्या किनाऱ्यावर कोठे कोठे काळसर वाळूचे पट्टे दिसतात, तेही लाटांनी हलकी वाळू धुऊन नेली व जड तेवढी मागे ठेविली म्हणूनच.

घाटापलीकडे, धारवाडच्या मुलखात, नदीनाल्यांची वाळू धुऊन सोने काढणारे जालगार नावाचे लोक पूर्वी होते. त्यांच्या शेजारी उभे राहून, त्यांचे हात काय करतात हे नीट पाहून, त्यावरून दक्षिण हिंदुस्थानातील सोन्याचे मूळ स्थान कोणत्या खडकात आहे हे सांगणाऱ्या एका माणसाचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. त्यांचे नाव रॉबर्ट ब्रूस फूट. गंमत अशी, की त्यांची खरी कीर्ती सोन्यामुळे झालीच नाही. कोणी फुकट दिले तरी न घेईल अशा दगडांमुळे झाली.

फूट यांचा जन्म २२ सप्टेंबर १८३४ रोजी इंग्लंडमधील चेल्टनहॅम येथे झाला. १८५८ साली, चोविसाव्या वर्षी, ते हिंदुस्थानच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात दाखल झाले आणि मद्रास इलाख्यात त्यांची नेमणूक झाली. हे खाते त्या वेळी अगदी नवे होते. त्यातील अधिकाऱ्याचे काम म्हणजे पावसाळा संपताच तंबू, बैलगाड्या व हातोडा घेऊन निघायचे, गावोगाव पायी अथवा घोड्यावर फिरायचे, ओढ्याने कापलेली प्रत्येक दरड तपासायची आणि कोठे कोणता खडक आहे तो नकाशावर रंगवायचा. सरकारला मुख्यतः कोळसा, लोखंड आणि सोने हवे होते.

त्याच सुमारास युरोपात एक मोठा वाद मिटत आला होता. फ्रान्समध्ये सोम नदीच्या काठच्या जुन्या गोट्यांच्या थरांत बूशे द पेर्त नावाच्या गृहस्थांना माणसाने घडविलेली गारगोटीची हत्यारे सापडली होती. नामशेष झालेल्या प्राण्यांच्या हाडांबरोबर ती सापडल्यामुळे माणूस पृथ्वीवर कल्पनेपेक्षा फार पूर्वीपासून आहे, असे त्यावरून ठरत होते. वीस-बावीस वर्षे त्यांचे कोणी ऐकले नाही. १८५९ साली इंग्लंडमधील विद्वानांनी स्वतः तेथे जाऊन खात्री करून घेतल्यावर मात्र सर्वांना ते मानावे लागले. हा वृत्तान्त फूट यांनी वाचला होता. वाचणारे पुष्कळ होते. परंतु मद्रासच्या उन्हात चालताना ज्यांच्या मनात तो जागा राहिला असे फार थोडे.

३० मे १८६३ रोजी मद्रासजवळील पल्लवरम येथे मुरमाच्या एका खड्ड्यात त्यांच्या दृष्टीस एक दगड पडला. ज्या जांभ्याचे चिरे काढून आपल्या गोव्यात घरे बांधतात, त्याच जातीचा तो मुरूम होता. दगड मात्र त्या मुरमातला नव्हता. तो कठीण, आणि दोन्ही बाजूंनी कपचे काढून टोकदार केलेला होता. कपचे निसर्गाने काढलेले नसून माणसाच्या हाताने काढलेले होते. हिंदुस्थानात ओळखले गेलेले जुन्या अश्मयुगातील ते पहिले हत्यार होय. त्याच वर्षी सप्टेंबरात, आपले सहकारी विल्यम किंग यांच्यासह, फूट यांना अत्तिरमपाक्कम येथे तशा हत्यारांचा मोठाच साठा मिळाला. त्या स्थळी अलीकडे पुन्हा शास्त्रशुद्ध उत्खनन झाले आणि तेथील सर्वांत जुनी हत्यारे सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची असल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. इतका दूरचा काळ फूट यांच्या स्वप्नातही आला नसेल.

येथून त्यांच्या आयुष्यास दोन ओघ फुटले. खडकांचा नकाशा करणे ही चाकरी आणि हत्यारे गोळा करणे हा स्वतःचा छंद. मात्र दोहोंची जागा एकच होती, ती म्हणजे नदीचा काठ. त्यामुळे एकासाठी दुसऱ्याचा वेळ चोरावा लागला नाही.

पुढे त्यांच्याकडे दक्षिण महाराष्ट्राचा प्रदेश आला. बेळगाव, धारवाड, कलादगी व भोवतालची संस्थाने असा तो मुलूख. म्हणजे आमच्या दाराबाहेरचाच म्हणावयाचा. मलप्रभा आमच्या म्हादईप्रमाणेच खानापूर तालुक्यातील घाटमाथ्यावर उगम पावते. एक पूर्वेस जाते व दुसरी पश्चिमेस आपल्याकडे येते, एवढाच भेद. मलप्रभा व घटप्रभा ह्या दोन नद्यांच्या काठच्या गोट्यांच्या थरांत फूट यांना अश्मयुगीन हत्यारे मिळाली. गोकाकजवळ चिकदौली येथे तर गेंड्याची अश्मीभूत हाडे सापडली! ज्या मुलखात आज ज्वारी पिकते तेथे एके काळी गेंडे चरत होते, ही गोष्ट त्या हाडांनी सिद्ध केली. त्या गेंड्याचे वर्णन फूट यांनी १८७४ साली प्रसिद्ध केले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील आर. व्ही. जोशी यांनी मलप्रभेच्या खोऱ्याचा जो अभ्यास केला व १९५५ साली प्रसिद्ध केला, त्याची पायवाट फूट यांनीच पाडून ठेविली होती.

त्याच १८७४ साली त्यांनी डंबळच्या डोंगरांतील सोन्याविषयीचा आपला वृत्तान्तही प्रसिद्ध केला. गदगच्या दक्षिणेस कप्पतगुड्ड नावाची डोंगरांची ओळ आहे. तीतून निघणाऱ्या नाल्यांत सोने मिळते ही गोष्ट नवी नव्हती. पूर्वी कॅप्टन न्यूबोल्ड ह्यांनीही ती लिहून ठेविली होती. फूट यांनी मात्र ऐकीव माहितीवर भिस्त ठेविली नाही. जालगारांकडून आपल्या समक्ष वाळू धुववून घेतली आणि कोणत्या नाल्यात किती कण उतरतात हे ते पाहत गेले. सोरटूरच्या बाजूच्या नाल्यांत ते अधिक दिसले. लाकडी पसरट पात्रात माती व पाणी घेऊन ते असे गरगर फिरवायचे, की हलके ते काठावरून वाहून जावे. शेवटी तळाशी चमचाभर काळी लोहवाळू उरते आणि तिच्या कडेला, नशीब असल्यास, एक पिवळी रेघ दिसते. तीत पारा मिसळला म्हणजे तो सोन्याला धरतो; मग तापवून पारा उडवून लाविला की सोन्याची बारीक गोळी राहते. दिवसभर पाण्यात उभे राहून जालगारांच्या हाती पोटापुरतेही पडत नसे, असे दिवस पुष्कळ. कोणत्या वळणावर वाळू उचलावी हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक होते. ते सोने आले कोठून हे मात्र त्यांना कोणी विचारले नव्हते, व सांगितलेही नव्हते.

हाच प्रश्न फूट यांनी हाती घेतला. सोन्याचे नाले एकीकडे व बिनसोन्याचे एकीकडे मांडले असता, ते ज्या खडकांवरून वाहतात ते खडकही निराळे आहेत असे दिसू लागले. येथे आम्हांस त्यांच्या स्वभावाचा विशेष थोर गुण दिसतो. तो काळ सोन्याच्या वेडाचा होता. १८४८ साली कॅलिफोर्नियात व १८५१ साली ऑस्ट्रेलियात नदीच्या वाळूत सोने सापडल्यापासून लक्षावधी माणसे घरदार सोडून धावली होती. आपल्याकडेही मलबारच्या वायनाड भागात १८८० च्या सुमारास, भरमसाट आशा दाखविणाऱ्या अहवालांच्या जोरावर, लंडनच्या बाजारात कंपन्यांवर कंपन्या निघाल्या आणि दोन-तीन वर्षांतच लोकांचे पैसे घेऊन बुडाल्या. अशा हवेत सरकारी भूवैज्ञानिकाच्या एका उत्साही वाक्यावर कोणाचीही आयुष्याची पुंजी मातीत गेली असती. फूट यांनी डंबळच्या वाळूवर राज्ये उभारली नाहीत. जेवढे पात्रात उतरले तेवढे त्यांनी लिहिले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गदगच्या आसपास कंपन्यांनी खाणी काढल्या, त्या थोड्याच वर्षांत बंद पडल्या, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या तोलून लिहिण्याची किंमत कळते.

ह्याचा अर्थ ते निराशावादी होते असा नव्हे. बल्लारी, अनंतपूर, म्हैसूर असा प्रदेश फिरून झाल्यावर त्यांनी ह्या खडकांच्या पट्ट्यांना धारवाड संहती असे नाव दिले, आणि दक्षिणेतील सोन्याचे मुख्य घर हेच खडक होत असे १८८८ साली मांडले. कोलारचे सोनेही ह्याच जातीच्या खडकांतले. तेथे न्यूझीलंडमधील सोन्याचा अनुभव असलेला मायकेल लॅव्हेल नावाचा निवृत्त सैनिक १८७५ साली परवाना घेऊन खणू लागला होता. ती खाण पुढे तीन किलोमीटरांहून खोल गेली व २००१ साली बंद झाली. रायचूरकडील हट्टीची खाणही धारवाडी खडकांतलीच.

आता डिचोलीच्या आमच्या विद्यार्थ्यांनी कान द्यावा. गोव्याचे पुष्कळसे प्राचीन खडक ह्याच धारवाडी कुळातले आहेत. आज भूवैज्ञानिक त्यांना गोवा समूह म्हणतात आणि त्यातील एका थराला डिचोलीचेच नाव दिलेले आहे. लोखंडाचे पट्टे वागविणारे ते खडक आमच्या तालुक्यातील खाणींतून कित्येक दशके बोटी भरभरून परदेशी गेले. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमाने खाणी थांबल्या, पुन्हा चालू झाल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या. किती घरांची चूल त्यावर अवलंबून होती आणि किती शेतांत तांबडा गाळ साचला, हे आमच्या वाचकांना आम्ही सांगावयास नको. ज्या कुळातील एका भावाच्या पोटी सोने आले त्याच कुळातील दुसऱ्याच्या पोटी लोखंड, असा हा प्रकार आहे. आमची वाळवंटीच्या काठची करटी ह्याच थोर घराण्यातल्या खडकांनी भरली होती, हे समजल्यापासून आम्हांस तिची पूर्वीइतकी लाज वाटत नाही.

फूट यांच्या खाजगी आयुष्यात दुःखाचे प्रसंग आले. त्यांची पहिली पत्नी १८७० साली वारली. ती मद्रासमधील विद्वान मिशनरी पीटर पर्सिव्हल यांची कन्या होती. १८७४ साली त्यांनी दुसरा विवाह केला. त्यांचा मुलगा हेन्री तोफखान्यात अधिकारी होता. कर्नूलजवळच्या बिल्ल सुर्गम गुहांत बापाने सुरू केलेले उत्खनन त्याने पुढे चालविले. बल्लारीच्या बाजूस राखेच्या मोठमोठ्या टेकड्या व त्यांजवळ गुळगुळीत घासलेल्या दगडी कुऱ्हाडी फूट यांनी नोंदविल्या, हे नव्या अश्मयुगाच्या अभ्यासातील त्यांचे मोठे काम होय.

१८९१ साली, तेहतीस वर्षांच्या सेवेनंतर, ते निवृत्त झाले. तथापि हातोडा खाली ठेवला नाही. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या बडोदे संस्थानात त्यांनी भूवैज्ञानिक म्हणून काम केले, आणि १८९३ साली साबरमतीच्या काठी पुन्हा तेच झाले : चाकरी खडकांची, आणि हाती आली ती अश्मयुगीन हत्यारे! गुजरातेतील आदिमानवाचा पहिला पुरावा तो. त्यानंतर म्हैसूर संस्थानातही त्यांनी काही काळ काम केले.

सेलमजवळच्या येरकाड येथील थंड डोंगरावर त्यांचे घर होते. चाळीस वर्षांत साडेचारशेच्या आसपास स्थळांवरून वेचलेले दगड त्यांच्या संग्रहात होते. १९०४ साली तो संग्रह मद्रासच्या सरकारी वस्तुसंग्रहालयाने घेतला. मग सत्तरी उलटलेला हा माणूस त्या हजारो दगडांची यादी करीत बसला. कोणता दगड कोणत्या जिल्ह्यातील कोणत्या ठिकाणी मिळाला, कोणत्या खडकाचा आहे, कशासाठी घडविला असावा, असे एकेकाचे लिहिणे चालू होते. छापलेली यादी पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्यास त्यांचे देहावसान झाले. यादीचा ग्रंथ १९१४ साली आणि त्यावरील टिपांचा ग्रंथ १९१६ साली निघाला. मलप्रभेच्या वाळवंटातून उचललेले दगडही त्यात आपापल्या ठिकाणच्या नावानिशी नोंदलेले आहेत.