रॉबर्ट मॅलेट

रॉबर्ट मॅलेट (३ जून, १८१० – ५ नोव्हेंबर, १८८१) हे आयरिश अभियंते व भूकंपशास्त्राच्या संस्थापकांपैकी एक होते. वाळू आणि खडक यांतून भूकंपतरंग किती वेगाने जातात, हे प्रत्यक्ष प्रयोगाने मोजण्याचा पहिला प्रयत्न त्यांनी केला.

प्रारंभिक जीवन

मॅलेट यांचा जन्म डब्लिन येथे झाला. १८३० मध्ये ट्रिनिटी महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर ते वडिलांच्या लोखंडी ओतकामाच्या कारखान्यात रुजू झाले. रेल्वे स्थानकांची छपरे, पूल व दीपगृहे अशी कामे या कारखान्याने केली. भूकंपाकडे ते वळले एका चित्रामुळे. इटलीतील कॅलाब्रियात १७८३ च्या भूकंपानंतर एका मठासमोरील दगडी स्तंभ स्वतःभोवती पिळल्यासारखे फिरले होते. जमिनीत भोवरा निर्माण झाला असावा, असे तेव्हा मानले जाई. साध्या पुढे-मागे हादऱ्यानेही दगड फिरू शकतो, हे मॅलेट यांनी दाखविले. १८४६ मध्ये रॉयल आयरिश अकादमीपुढे वाचलेल्या निबंधात त्यांनी भूकंप म्हणजे घन पदार्थातून जाणारा स्थितिस्थापक तरंग होय, असे प्रतिपादन केले.

वाळू व ग्रॅनाइटवरील प्रयोग

तरंग असेल, तर त्याला मोजता येण्याजोगा वेग हवा. भूकंप केव्हा होईल हे सांगता येत नसल्याने मॅलेट यांनी तो स्वतःच घडविण्याचे ठरविले. ऑक्टोबर १८४९ मध्ये डब्लिनजवळील किलिनी येथील समुद्रकिनाऱ्यावर त्यांनी वाळूत बंदुकीची दारू पुरून विजेच्या साहाय्याने तिचा स्फोट केला. सुमारे अर्धा मैल अंतरावर पाऱ्याने भरलेले भांडे ठेवले होते. पाऱ्यात दिसणारे तारेचे प्रतिबिंब थरथरले, की निरीक्षक कालमापक थांबवीत असे. या कामात त्यांना मुलगा जॉन विल्यम याची मदत होती. पुढे जवळच्या डॉल्की परिसरातील ग्रॅनाइटवर असेच प्रयोग झाले.

ओल्या वाळूत वेग सेकंदाला सुमारे ८२५ फूट (२५१ मीटर), भेगाळलेल्या ग्रॅनाइटमध्ये १,३०६ फूट (३९८ मीटर) आणि अधिक अखंड ग्रॅनाइटमध्ये १,६६५ फूट (५०७ मीटर) आढळला. पदार्थ जितका घट्ट व सलग, तितका वेग जास्त, हा क्रम बरोबर होता. आकडे मात्र सिद्धांतानुसार अपेक्षित वेगापेक्षा फारच कमी होते. मॅलेट यांनी हा दोष आपल्या उपकरणाला न देता खडकातील भेगा व सांध्यांना दिला. प्रत्यक्षात पाऱ्याचे भांडे पुरेसे संवेदनक्षम नव्हते. सर्वांत आधी पोहोचणारे सूक्ष्म तरंग त्यातून निसटत व मागाहून येणारे मोठे, संथ तरंग तेवढे दिसत. १८७६ मध्ये न्यू यॉर्कजवळील मोठ्या सुरुंगस्फोटाच्या वेळी हेन्री ॲबट यांनी अधिक शक्तिशाली दुर्बिणी वापरून कितीतरी मोठा वेग मोजला. मॅलेट यांनी त्यावर आक्षेप घेतला. या वादात चूक मॅलेट यांचीच होती.

नेपल्सचा भूकंप

१६ डिसेंबर १८५७ रोजी दक्षिण इटलीत झालेल्या विनाशकारी भूकंपानंतर रॉयल सोसायटीने दिलेल्या १५० पौंडांच्या अनुदानावर मॅलेट तेथे गेले. भिंतींतील भेगांच्या दिशा व पडलेल्या वस्तूंची स्थिती यांवरून त्यांनी तरंग कोठून आला हे शोधले आणि उगमाची खोली सुमारे १० किमी ठरविली. हा अहवाल १८६२ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. मुलासह त्यांनी ६,८०० हून अधिक भूकंपांची सूचीही तयार केली होती.

१८७७ मध्ये त्यांना वोलॅस्टन पदक मिळाले. अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. लंडन येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे दुसरे पुत्र फ्रेडरिक रिचर्ड मॅलेट हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेत भूवैज्ञानिक होते.

पद्धतीचा पुढील वापर

कठीण खडकातून मऊ थरात शिरताना तरंगाचा वेग घटतो व जमिनीची हालचाल बहुधा वाढते. त्यामुळे सांगलीसारख्या कृष्णाकाठच्या शहरात, जेथे बेसाल्टवर गाळ व काळी माती आहे, पायाखाली कोणता थर किती जाड आहे याला महत्त्व येते. कृत्रिम स्फोटाने तरंग निर्माण करून त्यांचा प्रवासकाल मोजण्याची पद्धत महाराष्ट्रातही वापरली गेली. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर, १९७० च्या दशकात, हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरपासून सांगली जिल्ह्यातील चोरोचीपर्यंत अशी मोजणी करून बेसाल्टच्या थरांची जाडी व त्याखालील भूकवचाची रचना अभ्यासली.