विश्लेषण : चित्रपटाच्या पोस्टरला ‘कला’ कोणी बनवले?

मूकपटांच्या काळातील बहुतेक फिती नष्ट झाल्या, पण त्यांची काही पोस्टर्स उरली. भारतातील सर्वांत जुने उपलब्ध चित्रपट-पोस्टर म्हणून 1924 च्या ‘कल्याण खजिना’कडे बोट दाखवले जाते. या चित्रपटाचे दिग्दर्शक होते कोल्हापूरचे बाबुराव पेंटर.

‘पेंटर’ हे आडनाव कसे आले?

3 जून 1890 रोजी कोल्हापुरात जन्मलेल्या बाबुरावांचे मूळ आडनाव मेस्त्री. वडील कृष्णराव सुतारकाम, लोहारकाम आणि मूर्तिकाम जाणणारे कारागीर होते. बाबुरावांनी कलाशाळेत शिक्षण घेतले नाही. चुलतबंधू आनंदराव यांच्यासोबत ते संगीत नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवू लागले. त्या कामामुळे दोघांनाही लोक ‘पेंटर’ म्हणू लागले आणि तेच आडनाव रूढ झाले.

पडद्यावरून पोस्टरकडे कसे?

‘राजा हरिश्चंद्र’ 1913 मध्ये आला आणि दोघा भावांना चित्रपटाचे वेड लागले. घरीच कॅमेरा बनवण्याची खटपट सुरू असताना 1916 मध्ये आनंदरावांचे निधन झाले. बाबुरावांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामले यांच्या साथीने त्यांनी कॅमेरा पूर्ण केला. तानीबाई कागलकर यांच्या आर्थिक मदतीने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ झळकला. जाहिरातीची चित्रेही बाबुराव स्वतः रंगवत.

या शैलीत कोणते प्रभाव दिसतात?

राजा रवि वर्मा यांच्या छापखान्यातून 1894 पासून देवादिकांची रंगीत चित्रे घरोघरी पोहोचत होती. त्यांतील युरोपीय वास्तवदर्शी शैली आणि पौराणिक विषय यांचा मेळ प्रेक्षकांच्या ओळखीचा होता. रंगभूमीच्या पडद्यांनी बाबुरावांना खोली, छायाप्रकाश आणि दुरून दिसेल असा भडक रंग शिकवला. मूकपटाला आवाज नव्हता आणि मोठा प्रेक्षकवर्ग निरक्षर होता. त्यामुळे कथेतला ऐन प्रसंग एका नजरेत सांगणे पोस्टरला भाग होते. युरोपात याच सुमारास पोस्टर सपाट रंग आणि भौमितिक आकारांकडे वळत होते. कोल्हापूरचे पोस्टर मात्र मानवी आकृती आणि तिच्या भावमुद्रेला धरून राहिले.

पुढे काय झाले?

दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी 1929 मध्ये बाहेर पडून ‘प्रभात’ स्थापन केली. शिष्य गेले, बोलपट आला आणि बाबुरावांची कंपनी टिकली नाही. उत्तरायुष्यात ते चित्रकला आणि शिल्पकलेत रमले. 16 जानेवारी 1954 रोजी त्यांचे निधन झाले.

आज महत्त्व काय?

हाताने रंगवलेल्या पोस्टरची परंपरा पुढे अनेक दशके चालली. मकबूल फिदा हुसेन यांनीही उमेदीच्या काळात मुंबईत चित्रपटांचे फलक रंगवले. पुढे छपाईच्या नव्या तंत्राने कुंचल्याची जागा घेतली. ‘सैरंध्री’ आज पाहता येत नाही. अशा हरवलेल्या चित्रपटांचे रूप कसे होते, हे समजण्यासाठी जाहिरातीचा कागद हाच पुरावा उरतो. प्रदर्शन संपले की फेकून देण्यासाठी केलेली ही वस्तू जपणे म्हणूनच गरजेचे ठरते.