देवळालीचे मास्तर आणि ६१७४

यवतमाळच्या पत्त्यावर आपण ४४५००१ हा पिन क्रमांक लिहितो. त्यातील पहिले चार अंक घ्यावेत. उतरत्या क्रमाने मांडल्यास ५४४०, चढत्या क्रमाने ०४४५, वजाबाकी ४९९५. हीच कृती पुढे चालविली की ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सहाव्या पायरीस ६१७४ येते. तेथून मात्र सुटका नाही, कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले तरी ६१७४च उरते. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत येथेच येऊन विसावते.

हा चमत्कार नव्हे. पहिल्या वजाबाकीनंतर संभाव्य उत्तरे केवळ ५४ असतात. ती एकेक करून तपासता येतात. एखाद्या रविवारी विद्यार्थ्यांनी ती जरूर तपासावीत.

ही संख्या ज्यांच्या नावाने जगात ओळखली जाते, ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूस जन्मले. वडील कारकून, ज्योतिषाचे व्यासंगी. मुलाला आकड्यांचा नाद लागला तो बहुधा तेथूनच. आठव्या वर्षी आई गेली. ठाण्यास शालेय शिक्षण, पुढे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक आणि १९२९ मध्ये बी. एस्सी. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीस शाळेत शिकविले. पदव्युत्तर पदवी त्यांच्यापाशी नव्हती, आणि हेच त्यांचे न्यून ठरविले गेले. १९४९ च्या मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी ६१७४ चा गुणधर्म मांडला, तेव्हा त्याचे वजन फार थोड्यांना जाणवले. स्वतःच्या तुटपुंज्या मिळकतीतून पुस्तिका छापणाऱ्या या शिक्षकाच्या संशोधनाला विद्वानांनी करमणूक म्हणावे, आणि तसलीच करमणूक परदेशातून आली की तिला शास्त्र म्हणावे, ही आपली जुनी खोड आहे.

त्यांचे भांडार ६१७४ पुरते नव्हते. ४५ चा वर्ग २०२५; २० आणि २५ मिळून पुन्हा ४५. अशा संख्या आज कापरेकर संख्या म्हणून परिचित आहेत. आपल्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी ती हर्षद. ६१७४ स्वतः हर्षद आहे: अंकांची बेरीज १८, भागाकार ३४३, म्हणजे ७ चा घन! कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी निर्माण होत नाही, ती स्वयंभू, उदाहरणार्थ २०. तिलाच त्यांनी देवळालीचेही नाव दिले. डेम्लो संख्यांना तर डोंबिवलीच्या रेल्वे स्थानकाचे जुने नाव लाभले. रामानुजनांना हार्डी लाभले. कापरेकरांना स्थानकाचा फलाट पुरला.

१९६६ साली पत्नी निवर्तल्या. निवृत्तिवेतनात भागेना, म्हणून गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या वाढवाव्या लागल्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन या मासिकातील आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले आणि जगभरच्या गणितप्रेमींना देवळालीचा पत्ता ठाऊक झाला. तेव्हा मास्तर सत्तरीत होते. १९८६ मध्ये देवळालीसच ते वारले.