हमीदा बानू : जिंकूनही अमान्य

कुस्तीचा निकाल हा सर्व खेळांतील अत्यंत निर्विवाद निकाल मानला जातो. पाठ मातीला टेकली की वाद संपला; तेथे वशिला चालत नाही आणि वकिलीही चालत नाही. मात्र चीतपट करणारी व्यक्ती स्त्री असेल आणि चीत झालेला मल्ल पुरुष असेल, तर वाद संपत नाही; उलट तेथूनच त्याला तोंड फुटते. हमीदा बानू यांनी गेल्या शतकाच्या मध्याला महाराष्ट्राच्या तांबड्या मातीत नेमका हाच अनुभव घेतला. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी कल्याणसारख्या गजबजलेल्या गावात काढली आणि १९८६ साली त्या निवर्तल्या. एके काळी वृत्तपत्रांचे रकाने व्यापणाऱ्या या स्त्रीचा महाराष्ट्राला विसर पडला होता.

उत्तर प्रदेशातील मिर्झापूरहून हमीदा बानू अलीगढला आल्या आणि सलाम पहिलवान या नामांकित मल्लाच्या हाताखाली तयार झाल्या. त्या काळी स्त्रियांचा स्वतंत्र गट नव्हता, त्यांच्यासाठी स्पर्धा नव्हत्या, तालमीही नव्हत्या. लढावयाचे तर पुरुषांशीच, असा तो मामला होता. वृत्तपत्रांनी त्यांना अलीगढची ॲमेझॉन असे नाव दिले. उंची ५ फूट ३ इंच आणि वजन १०८ किलो. रोजचे साडेपाच लिटरांहून अधिक दूध, जवळजवळ किलोभर मटण, एक कोंबडी, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, बदाम आणि वर दोन थाळ्या बिर्याणी असा त्यांचा खुराक मोठ्या चवीने छापला जात असे. नऊ तास झोप आणि सहा तास मेहनत हा त्यांचा दिनक्रमही छापला जाई. परंतु वाचकांच्या लक्षात राहिला तो खुराकच. सहा तासांची मेहनत फारशी कोणाच्या ध्यानात राहिली नाही.

त्यांच्या नावाला गर्दी मात्र लोटत असे. १९४४ साली मुंबईत गुंगा पहिलवानाशी त्यांची कुस्ती ठरली, तेव्हा सुमारे २० हजार लोक जमले होते. प्रतिस्पर्ध्याने जादा पैसे व तयारीसाठी जादा मुदत मागितल्याने ऐन वेळी कुस्ती रद्द झाली आणि संतापलेल्या जमावाने मैदानाची मोडतोड केली. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९५४ मध्ये, त्यांनी देशभरच्या मल्लांना आव्हान दिले. जो आपल्याला कुस्तीत हरवील त्याच्याशी आपण विवाह करू, असा तो पण होता. पतियाळाचा एक आणि कलकत्त्याचा एक असे दोन नामवंत मल्ल त्यांनी लोळविले. मे महिन्यात त्या बडोद्यास आल्या. तेथे छोटे गामा पहिलवानाने स्त्रीशी लढण्यास नकार देऊन माघार घेतली. त्याच्या जागी उतरलेल्या बाबा पहिलवानाला हमीदा बानू यांनी १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केले. तोवर आपण ३२० कुस्त्या जिंकल्या आहेत, असे त्या सांगत असत.

या पणाने त्यांना प्रसिद्धी दिली, पण त्यातच त्यांच्या पुढील दुर्दैवाचेही बीज होते. पुराणातल्या स्वयंवरात वधूला जिंकण्यासाठी धनुष्य पेलावे लागे. येथे धनुष्यही वधूच होती. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांपैकी अनेक जण एक मल्ल जिंकताना पाहण्यास आलेले नव्हते. एक स्त्री जिंकली जाते की नाही, हे पाहण्यास ते आले होते. ती जिंकली गेली नाही, तेव्हा त्यांचा हिरमोड झाला आणि हिरमोडाचे रूपांतर लवकरच संशयात झाले.

या संशयाचा सर्वांत कडवा आविष्कार कोल्हापुरात झाला. राजर्षी शाहूंनी ज्या नगरीला कुस्तीचे माहेरघर केले, ज्या नगरीतील खासबाग मैदानाचे नाव प्रत्येक मल्ल आदराने घेतो, त्या नगरीत हमीदा बानू यांनी एका पंजाबी मल्लावर मात केली. तेव्हा प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडविली, दगडफेक केली, आणि जमावाला आवरण्यासाठी पोलिसांना पुढे यावे लागले. पुण्यात तर कुस्ती होऊच शकली नाही. रामचंद्र साळुंखे यांच्याशी ठरलेली जोड स्थानिक कुस्ती संघटनेच्या हरकतीमुळे रद्द करावी लागली. हमीदा बानू यांनी मुंबई राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. कुस्तीला मनाई झाली ती स्त्री म्हणून नव्हे; संयोजक त्यांच्यासमोर लुटुपुटीचे प्रतिस्पर्धी उभे करतात अशा तक्रारी आल्या म्हणून, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले.

हे उत्तर सहजासहजी झटकून टाकण्याजोगे नाही. नुरा कुस्ती हा मराठी आखाड्याला ठाऊक असलेला जुना रोग आहे. तिकिटे खपविण्यासाठी संयोजक काय काय करतात, हे कुस्तीशौकिनांना सांगावयास नको. परंतु दोष संयोजकांचा असेल तर शिक्षा मल्लाला का, हा प्रश्न उरतोच. संशय फेडण्याचा सरळ मार्ग उपलब्ध होता. विश्वासू पंच नेमावेत, संघटनेने स्वतः जोडी ठरवावी आणि मैदान खुले करावे. पुण्याच्या नामांकित मल्लाशी लढण्यास त्या तयार होत्या, म्हणजे परीक्षा त्या स्वतःच मागत होत्या. परीक्षाच नाकारली गेली आणि पुन्हा प्रमाणपत्र नाही म्हणून दोषही त्यांनाच लागला.

या वागणुकीचे खरे स्वरूप ध्यानात येण्यासाठी आखाड्यातून क्षणभर चित्रपटगृहात जावे लागते. १९३५ साली वाडिया मूव्हिटोनचा ‘हंटरवाली’ पडद्यावर आला. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या व सर्कशीतून आलेल्या नादिया हातात चाबूक घेऊन दुष्टांना झोडपीत होत्या, घोड्यावरून झेपा घेत होत्या आणि धडधाकट पुरुषांना उचलून फेकीत होत्या. मुंबईच्या कामगारवस्तीपासून तालुक्याच्या तंबूपर्यंत प्रेक्षकांनी शिट्ट्या वाजवून त्यांना डोक्यावर घेतले. फेकला जाणारा पुरुष ठरवून पडतो, हे त्या प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक होते. तरीही कोणी तिकिटाचे पैसे परत मागितले नाहीत आणि कोणी दगड उचलला नाही. नादिया साहस स्वतः करीत, जीव धोक्यात घालीत, हे खरे. परंतु त्यांनी हरविलेले पुरुष शेवटी पटकथेतले होते. ठरवून पडणाऱ्या पुरुषाला पाहून टाळ्या देणाऱ्या समाजाला, पुरुष खरोखरच पडला असेल ही शक्यता मात्र सोसवली नाही.

पुरुष मल्लांचे उदाहरण याहूनही बोलके आहे. व्यावसायिक फ्रीस्टाइल कुस्त्यांत खेळाबरोबर नाट्यही असे, आणि प्रेक्षक दोन्हींचा आनंद घेत. त्या रिंगणात नावारूपास आलेले दारासिंग यांच्यापुढे चित्रपटसृष्टीने पायघड्या घातल्या. १९६२ साली ‘किंगकाँग’ आणि १९६३ साली ‘फौलाद’ या चित्रपटांनी त्यांना नायकपद मिळवून दिले. पुढे दूरदर्शनच्या रामायणातील हनुमान म्हणून ते घराघरांत पूज्य झाले आणि २००३ साली राज्यसभेतही गेले. हा मान त्यांनी कष्टाने मिळविला, त्याबद्दल दुमत नाही. प्रश्न एवढाच की मल्लाला नट होण्याची ही वाट स्त्रीसाठी का उघडली नाही? मढच्या किनाऱ्यापासून चेंबूरच्या स्टुडिओंपर्यंत चित्रसृष्टी पसरत होती आणि हमीदा बानू तेथून लोकल गाडीच्या अंतरावर राहत होत्या. पडद्याला बलवान स्त्री हवी होती. पण ती देखणी, सडपातळ आणि कथा संपताच निरुपद्रवी होणारी हवी होती. १०८ किलो वजनाच्या, खरोखर जिंकणाऱ्या स्त्रीसाठी कोणी भूमिका लिहिली नाही.

१९५४ सालीच मुंबईत हमीदा बानू यांनी रशियाची अस्वलीण म्हणून गाजविल्या गेलेल्या व्हेरा चिस्तिलिन यांना मिनिटभराच्या आत हरविले आणि युरोपातील मल्लांशी लढावयास जाण्याचा मनसुबा जाहीर केला. तो मनसुबा पार पडला नाही. त्यांनी युरोपला जाऊ नये म्हणून सलाम पहिलवान यांनी त्यांना मारहाण करून हात मोडले, असे त्यांच्या कुटुंबीयांनी पुढे सांगितले आहे. मैदानातील कोणत्याही मल्लाला जे जमले नाही, ते घराच्या चार भिंतींआड घडले. तेथे पंच नव्हते आणि प्रेक्षकही नव्हते. सलाम पहिलवान अलीगढला परतले. हमीदा बानू कल्याणलाच राहिल्या. दुधाचा धंदा आणि थोडेफार घरभाडे यांवर त्यांनी गुजराण केली, आणि हात आखडला तेव्हा घरी केलेले खाद्यपदार्थ रस्त्याच्या कडेला बसून विकले. ज्यांच्या नावावर २० हजारांची गर्दी जमे, त्यांच्या पुढ्यातून लोक पुडी घेऊन जात होते.

काळ बदलला, आणि तो चांगल्यासाठी बदलला, हे मान्य केले पाहिजे. २००४ साली महिला कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली. २०१६ साली साक्षी मलिक यांनी रिओ येथे कांस्यपदक जिंकले. त्याच वर्षी ‘दंगल’ या चित्रपटात गावच्या मैदानात मुलाला चीत करणाऱ्या मुलीला पाहून देशभरचे प्रेक्षक गहिवरले. कोल्हापुरात ज्या दृश्यावर दगड पडले होते, त्याच दृश्यावर चित्रपटगृहात डोळे पुसले जात होते. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी यांनी मानाची गदा पटकावली. अंतिम फेरीत त्यांच्याशी लढलेल्या वैष्णवी पाटील या कल्याणच्या. ४ मे २०२४ रोजी गूगलने आपल्या मुखपृष्ठावर हमीदा बानू यांचे चित्र झळकविले, तेव्हा अनेकांनी हे नाव प्रथमच ऐकले.

परंतु गौरवाने हिशेब पुरा होत नाही. आज मुली मुलींशी लढतात, त्यांना पंच आहेत, वजनगट आहेत, नियम आहेत. हमीदा बानू यांना यांतील काहीच मिळाले नाही. म्हणूनच त्यांचे विजय संशयाच्या स्वाधीन करणे सोपे गेले. खेळाडूला संधी देणे म्हणजे केवळ मैदानात उतरू देणे नव्हे. त्याचा निकाल प्रामाणिकपणे नोंदला जाईल आणि पचो वा न पचो, तो मानला जाईल, अशी व्यवस्था उभारणे हाही त्या संधीचाच भाग असतो. तालमीत, परीक्षेत किंवा कचेरीत पुढे गेलेल्या स्त्रीच्या यशामागे आजही जेव्हा कोणी नुरा कुस्ती शोधू लागतो, तेव्हा कोल्हापुरात उचललेला तो दगड अजून हातातून सुटलेला नाही, असेच म्हणावे लागते.