वालचंद हिराचंद आणि विमानांचा कारखाना

डहाणू-तलासरीच्या विद्यार्थी मित्रांनो, आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात ओझर येथे लढाऊ विमाने तयार होतात, हे तुम्ही ऐकले असेल. त्या उद्योगाचे मूळ शोधीत गेलात तर सोलापूरच्या एका व्यापारी घरात पोहोचाल. वालचंद हिराचंद यांचा जन्म तेथे १८८२ साली झाला. घरचा धंदा सोडून ते रेल्वेचे कंत्राटदार झाले, पुढे जहाजांच्या व्यवसायात शिरले.

१९३९ मध्ये विमानप्रवासात त्यांना विल्यम पॉली हे अमेरिकन गृहस्थ भेटले. चीनमध्ये त्यांचा विमानांचा कारखाना होता. प्रवासातल्या ओळखी बहुधा प्रवासातच संपतात! वालचंदांनी मात्र म्हैसूर संस्थानाला भागीदार करून डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी केली. ऑगस्ट १९४१ मध्ये तिचे पहिले विमान उडाले.

पण जपानी युद्ध दाराशी येऊन ठेपले. १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. मोबदला मिळाला, कारखाना गेला. तेव्हा ते साठीला टेकले होते. पालकहो, त्या वयात माणूस घरी बसता. त्यांनी १९४४ मध्ये मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनी काढली.

१९५३ साली ते वारले. १९६४ मध्ये त्यांची जुनी कंपनी हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये विलीन झाली. ओझरचा कारखाना तिचाच.