एडिसनला ऐकू येत नव्हतं, मग त्याने आवाज कसा पकडला?

गेल्या पावसाळ्यात माझ्या डाव्या कानाचं ऑपरेशन झालं. संसर्ग कानामागच्या हाडात पसरला होता, त्यामुळे दुसरा पर्याय नव्हता. जखम भरली, पण त्या कानाने ऐकू येणं जवळपास बंद झालं. मी वडप्याला एका गोडाऊनचं स्टॉकचं सॉफ्टवेअर सांभाळतो. पुन्हा कामावर रुजू झालो, त्याच आठवड्यात स्कॅनरच्या स्क्रीनकडे बघत यार्डातून चाललो होतो. रिव्हर्स घेणाऱ्या कंटेनरचा बीप-बीप आवाज येत होता. पण तो कुठून येतोय, हेच कळेना. तेवढ्यात कुणीतरी दंडाला धरून मला जोरात मागे ओढलं. एक हमाल होता. मी नाव विचारेपर्यंत तो पुढच्या गाडीचा माल उतरवायला निघून गेलासुद्धा.

आवाज येतो पण दिशा कळत नाही, याचं कारण साधं आहे. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी मिळतो आणि डाव्या कानाला किंचित उशिरा. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो. तेवढ्यावरून मेंदू दिशा काढतो. एक कान गेला की तुलना करायला दुसरा आकडाच उरत नाही.

त्यानंतर मी थॉमस अल्वा एडिसनबद्दल वाचायला लागलो. बल्बवाला एडिसन आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पण जगात पहिल्यांदा आवाज साठवून परत ऐकवणारा हा माणूस स्वतः बऱ्यापैकी बहिरा होता. उतारवयात त्याच्याही कानामागच्या हाडाचं ऑपरेशन झालं होतं. आणि त्याच्या गोष्टीतही गाडीखालून वाचवलेलं एक माणूस आहे.

रेल्वेतला पेपरवाला

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मिलान गावातला. पुढे कुटुंब मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरॉनला गेलं. शाळा फार थोडी झाली. आई नॅन्सीने त्याला घरीच शिकवलं. बाराव्या वर्षी तो पोर्ट ह्युरॉन ते डेट्रॉईट रेल्वेत पेपर आणि खाऊ विकायला लागला. सामानाच्या डब्यात त्याने छोटी प्रयोगशाळा थाटली आणि स्वतःचा छोटा पेपरही छापला.

याच वयात त्याला कमी ऐकू यायला लागलं. का, याच्या दोन-तीन कथा आहेत. कंडक्टरने कानाखाली वाजवली, ही एक. चालत्या गाडीत चढताना कुणीतरी कान धरून वर ओढलं, ही दुसरी, आणि ती एडिसन स्वतः सांगायचा. डॉक्टरी नजरेने पाहिलं तर लहानपणीचा स्कार्लेट फीव्हर आणि कानात पुन्हा पुन्हा झालेला संसर्ग हे कारण जास्त पटतं. बाराव्या वर्षानंतर आपण पक्ष्याचा आवाज ऐकलेला नाही, असं तो पुढे सांगायचा.

स्टेशन मास्तरची परतफेड

१८६२ मध्ये माउंट क्लेमेन्स स्टेशनवर स्टेशन मास्तर मॅकेन्झींचा तीन वर्षांचा मुलगा रुळावर खेळत होता आणि एक मोकळा सुटलेला डबा त्याच्या दिशेने येत होता. पंधरा वर्षांच्या एडिसनने झेप घेऊन पोराला बाजूला ओढलं.

मॅकेन्झींकडे बक्षीस द्यायला पैसे नव्हते. त्यांनी त्याला तारयंत्र शिकवायचं ठरवलं. त्या काळात तारमास्तर होणं म्हणजे आजच्या भाषेत कोडिंग येण्यासारखं होतं. हातात कला असली की कुठल्याही गावात नोकरी.

तारयंत्राचं काम कानांचं. ऑपरेटर समोरच्या साउंडरची टकटक ऐकून अक्षरं लिहून घ्यायचा. बहिऱ्या मुलाला हे कसं जमलं? साउंडर अगदी जवळ असतो, त्याची टकटक स्पष्ट असते. ती एडिसनला ऐकू यायची. खोलीतली बडबड आणि शेजारच्या टेबलांवरची यंत्रं मात्र ऐकू यायची नाहीत, त्यामुळे लक्ष विचलित व्हायचं नाही, असं त्याचं स्वतःचं म्हणणं होतं. १८६३ पासून काही वर्षं तो गावोगावी तारमास्तर म्हणून फिरला.

न्यूयॉर्कमधला आसरा

१८६९ मध्ये एडिसनला पहिलं पेटंट मिळालं, विजेवर मतं मोजणाऱ्या यंत्राचं. ते कुणालाच नको होतं. त्याच वर्षी तो न्यूयॉर्कला आला तेव्हा खिशात जवळजवळ काही नव्हतं. तिथे गोल्ड इंडिकेटर कंपनीत फ्रँकलिन पोप नावाचा इंजिनिअर होता. ही कंपनी सोन्याचे भाव तारेवरून दलालांकडे पाठवायची. पोपने या उपाशी तरुणाला कंपनीच्याच जागेत झोपायची परवानगी दिली.

काही दिवसांत भाव पाठवणारं मुख्य यंत्र बंद पडलं. दलालांचे निरोपे धावत आले, एकच गोंधळ उडाला. तिथेच राहणाऱ्या एडिसनने यंत्र आधीच निरखून ठेवलं होतं. त्याने बिघाड शोधून दुरुस्त केला आणि त्याला नोकरी मिळाली. वर्ष संपायच्या आत पोप आणि एडिसन धंद्यात भागीदार होते.

ऐकू येत नाही, मग आवाजच वाढवा

१८७६ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेलचा टेलिफोन आला. त्याचा आवाज इतका क्षीण होता की चांगल्या कानाच्या माणसालाही ओरडून बोलावं लागायचं. एडिसनला तर काहीच कळायचं नाही. म्हणून त्याने १८७७ मध्ये कार्बन ट्रान्समीटर बनवला.

दोन्हींतला फरक नळाच्या उदाहरणाने समजेल. बेलच्या फोनमध्ये तुमचा आवाजच पडदा हलवून वीज तयार करायचा, म्हणजे तोंडाने फुंकून पाईपमधलं पाणी ढकलायचं. एडिसनने पाणी टाकीतून आणलं, म्हणजे वीज बॅटरीतून घेतली. आवाजाने फक्त नळाची चावी कमी-जास्त फिरवायची. ही चावी म्हणजे काजळीची छोटी वडी. आवाजाच्या दाबाने ती दबली की तिच्यातून जास्त वीज जाते, दाब सुटला की कमी. अशा कार्बनच्या माईकवर जगभरातले टेलिफोन साधारण शंभर वर्षं चालले.

त्याच वर्षअखेरीस फोनोग्राफ आला. एडिसनच्या आराखड्यावरून तो प्रत्यक्ष बनवला त्याचा कारागीर जॉन क्रूसीने. सिलिंडरवर कथिलाचा पातळ पत्रा, त्यावर सुई. एडिसनने एक बालगीत म्हटलं आणि यंत्राने ते परत म्हणून दाखवलं.

पुढे नीट ऐकायचं असेल तेव्हा एडिसन फोनोग्राफच्या किंवा पियानोच्या लाकडात दात रोवायचा. वेडेपणा वाटेल, पण विज्ञान पक्कं आहे. नेहमी आवाज कानाच्या पडद्यावरून हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन हाडांमार्फत आतल्या गोगलगायीसारख्या भागात पोचतो. हा रस्ता बिघडला तरी दात आणि कवटीच्या हाडातून कंपन थेट आत जाऊ शकतं. आजचे बोन कंडक्शन हेडफोन याच तत्त्वावर चालतात. मात्र आतला भाग किंवा मज्जातंतू खराब असेल तर या आडवाटेचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून कुठलंही यंत्र घेण्याआधी ऑडिओमेट्री करून घ्या.

तळहातावरचा मोर्स

पहिली पत्नी मेरी १८८४ मध्ये वारली. पुढच्या वर्षी एडिसनची ओळख मिना मिलरशी झाली. त्याने तिला मोर्स कोड शिकवला आणि तिच्या हातावर टकटक करूनच लग्नाची मागणी घातली. तिने तसंच उत्तर दिलं. फेब्रुवारी १८८६ मध्ये लग्न झालं. नंतर नाटकाला किंवा चार लोकांत बसलेले असताना मिना त्याच्या हातावर बोटांनी संवाद टिपून सांगायची.

मॅकेन्झींनी पोटासाठी दिलेली भाषा अशी घरातही कामी आली.

ऑपरेशन

१९०५ मध्ये आणि पुन्हा १९०८ मध्ये एडिसनच्या मास्टॉइडचं ऑपरेशन झालं. कानामागे बोटाने चाचपलं तर टणक हाड लागतं, तेच मास्टॉइड. आतून ते पोळ्यासारखं पोकळ असतं. कानातला पू तिथे शिरला की पुढचा मुक्काम मेंदू असू शकतो. पेनिसिलिनचा शोधच १९२८ चा. त्यामुळे तेव्हा सर्जन छिन्नीने हाड कोरून पू काढायचे. जीव वाचवणं हा हेतू असायचा. ऐकू येणं हा नंतरचा प्रश्न. एडिसन वाचला, पण आधीच कमी असलेलं ऐकणं आणखी कमी झालं.

बहिरेपण वरदान होतं का?

एडिसन तसं म्हणायचा. शांततेमुळे विचार करता येतो, असं तो अनेकदा सांगायचा. प्रेरणादायी भाषणांत हेच सांगितलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं.

कारण त्याच्या रेकॉर्ड कंपनीचं काय झालं ते बघा. १९१२ पासून त्याने डायमंड डिस्क नावाच्या तबकड्या बाजारात आणल्या. आवाजाचा दर्जा उत्तम होता. पण कुठला गायक घ्यायचा, कुठलं गाणं छापायचं, हे एडिसन स्वतः ठरवायचा, त्याच अधू कानांनी. मोठ्या गायकांच्या नावापेक्षा आपली निवड महत्त्वाची, असा हट्ट होता. लोकांना मात्र आवडते गायक हवे होते, ते प्रतिस्पर्धी व्हिक्टर कंपनीकडे गेले. १९२९ मध्ये एडिसनच्या कंपनीने रेकॉर्ड काढणं बंद केलं. जिथे त्याने दुसऱ्याच्या कानांवर विश्वास ठेवायला हवा होता, तिथे तो ठेवला नाही.

याउलट त्याच्या कार्बन ट्रान्समीटरची गोष्ट. मिलर रीज हचिसन या तरुणाच्या एका मित्राला ऐकू यायचं नाही. त्याच्यासाठी हचिसनने १८९८ च्या सुमारास कार्बन ट्रान्समीटर वापरून विजेवर चालणारं श्रवणयंत्र बनवलं. अशा पहिल्या यंत्रांपैकी ते एक. पुढे हाच हचिसन एडिसनचा मुख्य इंजिनिअर झाला. गंमत म्हणजे क्लॅक्सन हॉर्नही त्याचाच. म्हणजे आमच्या नाशिक हायवेवर जो कर्कश गोंगाट असतो, त्याचा एक पूर्वज आणि श्रवणयंत्राचा एक पूर्वज एकाच डोक्यातून निघाले.

एडिसन १८ ऑक्टोबर १९३१ रोजी गेला. नावावर अमेरिकेतली १०९३ पेटंट होती. पण त्याचं आयुष्य वाचताना मला पेटंटपेक्षा मॅकेन्झी, पोप, क्रूसी आणि मिना जास्त लक्षात राहिले. कान गेल्यावर माणूस एकट्याने जिंकला, असं झालेलं नाही. कुणीतरी त्याच्यापर्यंत पोचायची दुसरी वाट काढली आणि त्याने ती वापरली.

तुमच्या ऑफिसात किंवा घरात कुणाला कमी ऐकू येत असेल तर ओरडू नका. समोर या, चेहरा दिसू द्या, चांगला कान कोणता ते विचारा, महत्त्वाचं असेल तर लिहून द्या. आणि ऐकू न येणारे तुम्ही असाल तर सांगून टाका. मी दोन महिने लपवत होतो. यार्डातल्या त्या प्रसंगानंतर सुपरवायझरला सांगितलं. आता मी यार्डात स्कॅनर खिशात ठेवतो आणि कंटेनर रिव्हर्स घेणारे क्लीनर मला हात दाखवून थांबवतात.

त्या हमालाला शोधायला मला आठवडा लागला. आता चहाच्या टपरीवर भेटला की तो माझ्या उजव्या बाजूला येऊन उभा राहतो. त्याच्या आईलाही एकाच कानाने ऐकू येतं, हे त्याने मला नंतर सांगितलं.