एकाचे दुखणे, साऱ्या घराचा उपचार

घरातल्या एकाला मानसिक त्रास सुरू झाला, की त्याला एकट्याला समोर बसवून उपचार करायचे, ही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मानसोपचाराची रूढ पद्धत होती. रुग्णाच्या नातेवाइकांशी उपचारकाने बोलणेही फारसे योग्य समजले जात नसे. ही पद्धत बदलणाऱ्यांमध्ये अमेरिकी समाजकार्यकर्त्या व्हर्जिनिया सॅटिर यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते.

त्यांचा जन्म २६ जून १९१६ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील नील्सव्हिल येथे झाला. पाच भावंडांत त्या थोरल्या. पाच वर्षांच्या असताना त्यांचे पोट दुखू लागले. आई ख्रिश्चन सायन्स पंथाची असल्याने डॉक्टरकडे नेण्यास तिचा विरोध होता. अखेर वडिलांनी मुलीला रुग्णालयात नेले, तोवर अपेंडिक्स फुटले होते. जीव वाचला, पण कित्येक महिने रुग्णालयात काढावे लागले. त्याच वयात व्हर्जिनियाने एक गोष्ट मनाशी ठरवली होती : मोठेपणी आपण मुलांच्या वतीने आईवडिलांचा छडा लावणारे गुप्तहेर व्हायचे.

शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन १९३६ मध्ये त्या शिक्षिका झाल्या. विद्यार्थ्यांच्या घरी जाऊन पालकांना भेटण्याचा त्यांचा शिरस्ता होता. मूल वर्गात असे का वागते, याचे उत्तर अनेकदा घरी मिळे. पुढे शिकागो विद्यापीठात त्यांनी समाजकार्याचे शिक्षण घेतले आणि १९५१ मध्ये स्वतंत्रपणे काम सुरू केले.

त्या काळात स्किझोफ्रेनियाचे निदान झालेली एक तरुणी त्यांच्याकडे येत होती. सहा महिन्यांत तिच्यात चांगली सुधारणा झाली. तेवढ्यात, मुलीला आपल्यापासून तोडल्याबद्दल खटला भरण्याची धमकी आईने दिली. सॅटिर यांना त्या धमकीआड आईची व्याकूळता जाणवली. त्यांनी तिलाच भेटीला बोलावले. आई खोलीत येताच मुलगी पुन्हा पूर्वीसारखी वागू लागली. दोघींचे जरा जमले, तेव्हा वडिलांना बोलावले. पुन्हा घडी विस्कटली. मग भावालाही बोलावले. सॅटिर यांच्या लक्षात आले, की तक्रार एकाची दिसली तरी गुंता सगळ्यांच्या नात्यांत असतो. दोषी शोधण्यापेक्षा हा गुंता सोडवणे, हेच कुटुंबोपचाराचे सूत्र.

ताण आला की माणसे घरात कशी बोलतात, याचे त्यांनी प्रकार पाडले. कोणी चूक नसतानाही पड खाते, कोणी सतत दुसऱ्याला बोल लावते, कोणी भावना बाजूला ठेवून केवळ तर्क लढवते, तर कोणी विषयच बदलते. मनात, चेहऱ्यावर आणि बोलण्यात एकच असणे हा त्यावरचा मार्ग. हे कळावे म्हणून त्या घरच्यांना तशा पवित्र्यात उभे करत : एकाने गुडघे टेकायचे, दुसऱ्याने बोट रोखायचे. काही मिनिटे तसे राहिले की अंग दुखू लागे आणि रोजच्या वागण्याचा भार शरीरालाच उमगे.

१९५९ मध्ये त्या कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथील मेंटल रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाल्या. तेथे त्यांनी कुटुंबोपचाराचे प्रशिक्षण सुरू केले. १९६४ मध्ये त्यांचे ‘कंजॉइंट फॅमिली थेरपी’ आणि १९७२ मध्ये सामान्य वाचकांसाठीचे ‘पीपलमेकिंग’ प्रसिद्ध झाले. त्यांचे स्वतःचे दोन्ही विवाह मात्र घटस्फोटात संपले. त्यांनी दोन मुली दत्तक घेतल्या होत्या.

घरच्यांच्या वागण्यामुळे स्किझोफ्रेनिया होतो, असे आज विज्ञान मानत नाही. मात्र सतत टीका होणाऱ्या घरात तो उलटण्याचा धोका वाढतो आणि औषधांच्या जोडीला कुटुंबालाही उपचारांत सामील केले तर तो कमी होतो, हे अभ्यासांतून दिसले आहे. किशोरवयीन मुलांच्या तक्रारी आणि नवरा-बायकोतील विसंवाद यांतही ही पद्धत उपयोगी पडते. जिथे मारहाण होते, तिथे मात्र एकत्र बसण्याआधी सुरक्षितता महत्त्वाची.

अखेरच्या वर्षी, १९८८ मध्ये, सॅटिर प्रशिक्षणासाठी सोव्हिएत संघातही जाऊन आल्या. त्याच वर्षी १० सप्टेंबरला स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. आज समुपदेशक रुग्णाला पुढच्या वेळी घरच्यांनाही घेऊन यायला सांगतात, त्यामागे सॅटिर यांच्यासारख्यांचे हे काम आहे.